समईकडचं फूल

१

तंबूतला सिनेमा पावसात चालत नाही. म्हणून लालासाहेब दरसाल मृगाआधी तंबू गुंडाळून ठेवायचे आणि दिवाळीपर्यंत आष्ट्यातली एक हळदीची वखार भाड्यानं घ्यायचे. जाड दगडी भिंती, वर पत्रा, खिडकी एकही नाही. भर दुपारी दार लावलं तरी आत स्वतःचा हात दिसायचा नाही. एका टोकाला पांढरा पडदा, दुसऱ्या टोकाला फळ्या ठोकून केलेली मशीनची खोली. खोलीला दोन चौकोनी भोकं होती. एकातून उजेड पडद्यावर जायचा, दुसऱ्यातून आकाराम बघायचा.

आकाराम हा लालासाहेबांचा ऑपरेटर. मूळचा वडूजकडचा, वय पंचेचाळीसच्या आसपास. तरुणपणी सांगलीला आला आणि तेलाची इंजिनं दुरुस्त करता करता सिनेमाच्या मशीनपाशी पोचला. माणूस कामाला चोख. फिल्म कुठं तुटली, कुठं जोडली, कितव्या फुटाला ओरखडा आहे, हे सगळं तो वहीत टिपून ठेवायचा. त्याच्या वहीत लिहिलेलं कधी खोटं निघालं नव्हतं.

चव्वेचाळीस सालचा पावसाळा. लढाईमुळं नवी चित्रं येईनात, तेव्हा एकच चित्र सात आठवडे चाललेलं. चित्र एका गुरवाचं होतं. गावात पटकी येते, माणसं पटापट मरतात, आणि रोज देवाला अंघोळ घालणाऱ्या गुरवाचाच देवावरचा विश्वास उडतो. गाव म्हणतं, इथं राहावं की गाव सोडावं, देवाला कौल लाव. गुरव मनात म्हणतो, दगड काय सांगणार? पण लावतो. दोन फुलं पाण्यात बुडवून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवतो आणि पुढ्यात बसतो. बसणाऱ्याच्या उजव्या हाताचं पडलं तर होकार, डाव्या हाताचं पडलं तर नकार.

पडद्यावर गुरवाची फक्त पाठ दिसायची. पलीकडं देव, उजव्या अंगाला जळती समई, डाव्या अंगाला काळोख. ना गाणं, ना बोलणं. नव्वद फूट फिल्म, म्हणजे बरोबर एक मिनिट. अडुसष्टाव्या फुटाला समईकडचं फूल सुटायचं आणि घरंगळत खाली यायचं. लोक सुस्कारा सोडायचे. आकाराम पुढचं रीळ हाताशी घ्यायचा.

मशीनच्या खोलीमागं एक पडवी होती. तिथं तो आणि त्याची बायको मनुबाई राहायची. त्यांचा एकुलता एक मुलगा कृष्णात पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. ज्येष्ठात बेळगावहून लष्कराचा कागद आला. त्यात एकच शब्द कामाचा होता: बेपत्ता.

२

त्या मिनिटात लोकांनी आपापले प्रश्न विचारायला कधी सुरुवात केली, ते आकारामला नेमकं सांगता आलं नसतं. आधी चपला बाहेर राहू लागल्या. मग पडद्याखाली नारळ फुटू लागले. बायकांनी पडद्याच्या काठाला हळदकुंकू लावलं, तेव्हा तो लालासाहेबांकडं गेला.

"मालक, पडदा पिवळा व्हाय लागलाय."

"हू दे की गड्या. वखारच हळदीची हाय." लालासाहेब गालात हसले. "लोकं कौल लावायला येत्यात. तू आपलं मशीन फिरव."

"फिल्मला कौल? आवं मालक, दोनशे माणसं, दोनशे प्रश्न, आन् फूल एक. ते बी रोज त्याच बाजूला पडणार."

"मग बरंच की! रोज सगळ्यांना होकारच. देवळात असं व्हतंय व्हय?"

आकाराम हसला. कौलाची खोड त्याला लहानपणापासून माहीत होती. गावच्या गुरवाला त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्या बाजूचं पडायला हवं, ते फूल तो कमी भिजवायचा. सुकलं की पडलं. ह्या चित्रात तर तेवढाही देव नव्हता. भिंग लावून त्यानं ती फिल्म पाहिली होती. समईकडच्या फुलाच्या देठाला बारीक काळा दोरा होता. खालून कुणीतरी तो ओढत होतं.

एका शुक्रवारी, त्याच मिनिटात, बायकांच्या बाजूला एक बाई उभी राहिली. हरणाबाई तिचं नाव. माणदेशाकडून मेंढरं घेऊन आलेली, आष्ट्याच्या मळ्यांत खतासाठी कळप बसवणारी.

"डावं पडलं," ती म्हणाली. मोठ्यानं नव्हे, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"खाली बस गं म्हातारे! समईकडचं पडलं की."

"डोळं धुऊन ये जा!"

हसण्याचा एकच कल्लोळ झाला. हरणाबाईनं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि कुणाकडं न बघता दाराबाहेर गेली.

आकारामनं त्या वेळी भोकातून पाहिलं होतं. समईकडचंच पडलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ते रीळ उघडलं. फिल्म उलटी जोडली गेली तर डाव्याचं उजवं होतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि ह्या तुकड्यात बोलणं नसल्यानं ती चूक कानाला कळली नसती. पण त्या नव्वद फुटांत जोडच नव्हता. त्यानं एकेक चित्र उजेडाला धरून पाहिलं. चौदाशे चाळीस चित्रं. समईकडचं फूल अकरा चित्रांत खाली येत होतं. अंधाराकडचं शेवटपर्यंत जागच्या जागी. त्यानं वहीत लिहिलं: तुकडा तपासला. बाईची नजर चुकली.

पाच दिवसांनी हरणाबाईचा चुलतदीर धुळा तंबाखू मागायला आला. त्यानं सांगितलं, की हरणाबाईचा नवरा सिद्धू तिकडं गावी तापानं पडला होता, तो गेला. बाई निघून पोचायच्या आतच गेला.

"वैनी म्हणत व्हती, मला आदीच कळलं," धुळा म्हणाला. "कुनी सांगितलं, ते काय बोलंना."

३

त्यानंतर आकाराम त्या मिनिटात पडद्याकडं न बघता लोकांकडं बघू लागला. भोकातून त्याला माणसांची डोकी पाठीमागून दिसायची. पडद्याच्या उजेडानं कानांच्या कडा उजळलेल्या. फूल पडलं की बघणाऱ्याची मान नकळत तिकडं कलते, हे त्याच्या ध्यानात आलं. दोनशे माना एकदम उजवीकडं कलायच्या, वाऱ्यानं जोंधळा लवावा तशा.

नवव्या दिवशी एक मान डावीकडं कलली.

पुरुषांतल्या तिसऱ्या ओळीत, खांबाजवळ. आकारामनं फेटा ओळखला. कोंडीबा गुळव्या. पहिल्यांदा त्याला वाटलं, शेजाऱ्यानं काही कुजबुजलं असेल. पण कोंडीबाच्या त्या बाजूला खांबच होता.

सकाळी तो गुऱ्हाळावर गेला. कोंडीबा मोकळी काहील घासत होता. लाल झालेल्या एका डोळ्यातून पाणी गळत होतं.

"कोंडीबा, काल काय इचारलंस?"

कोंडीबाचा हात थांबला. "कुठं?"

"कौलाला."

"मी कुनालाच बोललो न्हाई. बायकोला बी न्हाई." त्यानं आकारामकडं निरखून पाहिलं. "तुला कसं कळलं रं?"

"तू सांग आदी."

"डोळा राहील का जाईल, एवढंच इचारलं. डागदार म्हनतोय, राहील." तो परत काहील घासू लागला. "आन् तुज्या सिनेमाचं फूल अंधाराकडचं पडलं. बाकीच्यांना न्हाई दिसलं. मला दिसलं."

आकारामनं स्वतःची समजूत घातली. दुखरा डोळा, पाणी, त्यात भीती. दिसायला किती वेळ लागतो? माणूस मनात जे घेऊन बसतो तेच त्याला दिसतं. सिद्धू तापानं पडला होता, म्हणजे जाणं काही अशक्य नव्हतं. हे सगळं खरंच होतं. वहीत त्यानं ते सविस्तर लिहिलं, आणि लिहून झाल्यावर बराच वेळ तो दौतीचं झाकण फिरवत बसला.

पंधरा दिवसांनी कोंडीबाच्या डोळ्यावर पट्टी आली. तो डोळा परत उघडला नाही.

४

मनुबाई ह्या सात आठवड्यांत एकदाही पडद्यासमोर बसली नव्हती. आकारामनं तसं सांगितलं होतं. ती पडवीत चुलीपाशी बसून भिंतीपलीकडचा आवाज ऐकायची. ते मिनिट आलं की चुलीतलं लाकूडसुद्धा हलवायची नाही.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, जेवायला वाढताना, ती म्हणाली, "उद्या मी बसणार हाय."

"कुठं?"

"पडद्याम्होरं. बायकांत."

आकारामनं घास खाली ठेवला. "अगं, ते देऊळ न्हाई. फिल्म हाय. नव्वद फूट. फुलाला दोरा बांधलाय, मी बघितलाय दोरा."

"मग तुमी भ्याला कशापायी?"

त्यानं ताट पुढं सारलं. तो म्हणाला, "लष्कर म्हनतंय बेपत्ता. मेला असं कुठं म्हटलंय?"

"जिता हाय असं तरी कुठं म्हटलंय?"

"मग राहू दे की तसंच."

"तुमाला राहवतंय तसं. मला न्हाई राहवत." मनुबाईचा आवाज चढला नव्हता. भाकरी टोपल्यात ठेवावी तसे ती शब्द ठेवत होती. "रोज त्याच्या वाटणीची एक भाकरी मी जादा थापती. थापली की वाटतंय, मेलेल्याची थापली का काय. न्हाई थापली तर वाटतंय, जित्या लेकराला मीच मारलं. चार म्हैनं झालं. आवं, एक कायतरी कळू दे मला."

"आन् डावं पडलं तर?"

"तर दिवस घालू त्याचं. बसून रडीन मी. पर रडीन तरी."

ती उठून भांडी घासायला गेली. मनुबाई एकदा बोलली की बोलली, हे चोवीस वर्षांच्या संसारात तो शिकला होता. आणि त्यानंही त्याच बसल्या जागी मनाशी ठरवलं. तिला बसू द्यायचं. फुलं मात्र तिला दिसू द्यायची नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ते रीळ काढलं, कात्रीनं नव्वद फुटांचा तुकडा कापला आणि त्याच्या जागी तेवढीच काळी फिल्म जोडली. दोन्ही जोड ओढून पाहिले. लोकांनी ओरडा केला तर मशीनच्या दिव्याचा कार्बन विझला म्हणायचं. कापलेला तुकडा गुंडाळून डब्यात घातला, डबा ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप.

५

सातच्या खेळाला मनुबाई बायकांत बसली, बायका-पुरुषांमधल्या दोरीच्या कडेला, चौथ्या ओळीत. नवं लुगडं नव्हती नेसली, पण केस विंचरले होते.

शेवटून दुसरं रीळ लागलं. गुरवानं तबकातली फुलं उचलली, पाण्यात बुडवली. जोड मशीनमधून टिक् करून सरकला आणि पडदा काळा झाला.

आकाराम ओरडा ऐकायला तयार होता. शिट्ट्या, पायांचे आवाज, कुणीतरी "लाइट!" म्हणेल. काहीच आलं नाही. दोनशे माणसं रोजच्यासारखी गप्प होती. त्याला वाटलं, सगळे बिचकले असतील. त्यानं भोकाला डोळा लावला.

पडदा काळाच होता, एक टिपूस उजेड नव्हता. आणि माणसांच्या कानांच्या कडा उजळलेल्या होत्या. मंद, थोड्या हलत्या उजेडानं, समोर वात तेवत असावी तशा.

त्यानं दिव्याची खोबण तपासली. काळी फिल्म शिस्तीत उतरत होती. तो फूट मोजत होता, सवयीनं. साठ. पासष्ट. अडुसष्ट. दोनशे माना उजवीकडं कलल्या आणि वखारभर तोच सुस्कारा उमटला.

एक मान हलली नाही. मनुबाई सरळ समोर बघत होती. ना उजवीकडं, ना डावीकडं. मग पडद्यावर देवळाबाहेरची गर्दी आली, घंटा वाजू लागल्या, आणि ती तेवढी एकटीच दचकली.

खेळ सुटल्यावर ती मशीनच्या खोलीत आली. दारातच उभी राहिली.

"तुमी घाई केली," ती म्हणाली.

"कसली?"

"फुलं पडली न्हाईत. एक बी न्हाई. दोन्ही तशीच व्हती, थरथरत व्हती नुसती. आजून जरा थांबला असता तर पडलं असतं. तुमी फुडचं चित्र घातलंत."

आकारामनं ट्रंक उघडली, डबा काढला आणि फिल्मचं वेटोळं तिच्या हातात दिलं. "हे बघ. सारी फुलं हितं हायती, दुपारपासनं. पडद्यावर आज काळं व्हतं. निस्तं काळं."

मनुबाईनं फिल्मचं टोक कंदिलासमोर धरलं. इवला गुरव, इवला देव, इवली समई, एकाखाली एक. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"मग एवढंच लावा," ती म्हणाली. "फुडं काय जोडू नका. लोकं नकोत. तुमी आन् मी."

"आन् तवा बी न्हाई पडलं तर?"

"पडंस्तवर बसू."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. नव्वद फूट एका मिनिटात संपतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? समईकडचं फूल तिला तिच्या डोळ्यांनी पडताना दाखवायचं आणि हे प्रकरण मिटवायचं, असा त्यानं निश्चय केला.

"उद्या दुपारी," तो म्हणाला.

६

दुसऱ्या दिवशी लालासाहेब कामाला सांगलीला गेले होते, संध्याकाळच्या खेळाला परतणार होते. तीनच्या सुमारास आकारामनं इंजिन सुरू केलं, वखारीचं दार आतून लावून अडसर घातला. तुकड्याच्या आधी मशीनमध्ये अडकवण्यापुरती काळी फिल्म जोडली. मागं काहीच जोडलं नाही.

चालतं मशीन सोडून ऑपरेटर कधी उठत नाही. आकाराम बावीस वर्षांत उठला नव्हता. त्या दिवशी चाक फिरवलं, कार्बन जुळवला, आणि तो खाली येऊन मनुबाईशेजारी तरटावर बसला. प्रश्न विचारायचा नाही, हे त्यानं पक्कं केलं होतं. आपण फक्त मोजायचं. पंचेचाळीस आकडे झाले की फूल पडतं.

गुरव पाठ करून बसला. समई तेवू लागली. डोक्यावरून उजेडाचा झोत जात होता, त्यात हळदीची धूळ तरंगत होती. मागं मशीनचा खटखटाट. मनुबाईनं हात जोडले नाहीत. गुडघ्यांवर तळवे ठेवून ती बघत होती.

चाळीस. एक्केचाळीस. आकारामला नीट आठवत नाही, पण बहुतेक त्रेचाळिसाव्याला त्याच्या मनात मुलाचं नाव आलं. आणलं नव्हतं. आलं.

पंचेचाळीस झाले. फूल पडलं नाही.

शेहेचाळीस. पन्नास. माझी मोजणी पुढं गेली, असं तो स्वतःला म्हणाला. मशीन हळू चालत असेल. इंजिन दम खात असेल. कान देऊन ऐकलं तर इंजिन नीट चाललं होतं. साठाला मागून आवाज आला, फट् फट् फट्. फिल्म संपून तिचं सुटलेलं टोक चक्राला आपटत होतं.

आता पडदा पांढरा फक्क व्हायला हवा होता. पडद्यावर समई तेवत होती. दोन्ही फुलं खांद्यांवर होती, पाण्याचा एकेक थेंब देठाशी.

"मशीन बघतो," तो उठू लागला.

मनुबाईनं त्याचं मनगट धरलं. "बसा."

किती वेळ गेला, त्याची नोंद त्याच्याकडं नाही. कार्बन जळून संपल्याचा चरचराट त्यानं ओळखला. डोक्यावरचा झोत गेला, धूळ दिसेनाशी झाली. वखारीत उजेड होता तो फक्त समोरचा. त्यात त्याला स्वतःचे हात दिसत होते, आणि मनुबाईच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा.

मग गुरव हलला.

सात आठवड्यांत तो त्या मिनिटात कधी हलला नव्हता. मागं न बघता, बसल्या बसल्याच तो थोडा बाजूला सरकला. उशिरा आलेल्या माणसाला देवळात जागा करून देतात, तसा. आणि त्या जागेवर, काळोखाच्या बाजूनं येऊन, कुणीतरी बसलं होतं. येताना ते दिसलं नाही. बसलेलंच दिसलं. त्याचीही फक्त पाठ होती. अंगात चिखलानं कडक झालेला सदरा. बारीक कापलेले केस, उन्हानं रापलेली मान, एका खांद्याला जरासा बाक.

शाळेच्या वाटेवर ती मान वर्षानुवर्षं आकारामच्या पुढून चालली होती. बैलाच्या शेपटीसारखा बांधावरून हेलकावत जायचा पोरगा. ओळखायला त्याला डोळेसुद्धा लागले नसते.

तोही फुलांकडंच बघत होता. तोही वाट बघत होता.

आकारामच्या घशातून आवाज फुटणार, एवढ्यात मनुबाईची बोटं त्याच्या मनगटात रुतली.

"हाक मारू नका," ती कुजबुजली. तिचं तोंड त्याच्या कानाशी होतं आणि डोळे पडद्यावर. "आवं, पाया पडते. वळून बघितलं त्यानं, आन् तोंडच नसलं तर? फूल पडंस्तवर हाक मारू नका."

बाहेर माणसं जमू लागली होती. चपला काढल्याचे, बायकांच्या बोलण्याचे, लेकरांना दटावल्याचे आवाज दारातून येत होते. मग दारावर थाप पडली. "आकाराम! आरं, काय झोपलास का? दार उघड गड्या, लोक खोळंबल्यात!" लालासाहेबांचा आवाज. परत थाप. मग खांद्याचे धक्के. अडसर करकरू लागला.

समोर अंधाराकडचं फूल देठापाशी किंचित सुटलं. त्याच क्षणी समईकडचंही सुटलं. दोन्ही तशीच लोंबत राहिली.

आकारामनं फेट्याचा शेव ओढून तोंडात घातला, दात घट्ट मिटले, आणि मांडी घालून तो सरळ बसला.